प्लाझ्मा कटिंग मशीन नीट कापत नसेल तर : हवा, टॉर्च आणि अर्थिंगची क्रमवार तपासणी

प्लाझ्मा मशीनने, म्हणजे हवेच्या झोतातल्या विजेच्या ज्वाळेने धातू कापणाऱ्या यंत्राने, त्रास द्यायला सुरुवात केली की पहिला संशय मशीनवरच घेतला जातो. झाकण उघडले जाते, आतले कार्ड काढून दुरुस्तीला पाठवले जाते, चार-आठ दिवस काम खोळंबते आणि कार्ड परत बसवल्यावर तक्रार जशीच्या तशी उभी राहते. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता कोणी मदतीला बोलावले तर मी स्क्रू-ड्रायव्हरला हात लावण्याआधी कॉम्प्रेसरकडे जातो. दोष बहुतेक वेळा मशीनच्या पेटीबाहेर असतो. तो हवेत असतो, टॉर्चच्या टोकाशी बसणाऱ्या आणि झिजणाऱ्या सुट्या भागांत असतो, अर्थ क्लॅम्पमध्ये असतो किंवा मशीनपर्यंत येणाऱ्या विजेत असतो. पुढची तपासणी त्याच क्रमाने मांडली आहे. ती ४० ते १०० अँपिअरच्या, साध्या दाबयुक्त हवेवर चालणाऱ्या इन्व्हर्टर मशीनसाठी आणि पीटी-३१, पी-८० यांसारख्या हातात धरायच्या टॉर्चसाठी आहे, कारण आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्यांत बहुतेक काम याच मशीनवर चालते.

दोष शोधायचा तर टॉर्चचे बटण दाबल्यापासून कोणत्या क्रमाने काय घडते ते आधी डोळ्यांसमोर हवे. बटण दाबले की मशीनमधला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी हवेची झडप) उघडतो आणि हवा टॉर्चमधून वाहू लागते. मग इलेक्ट्रोड (टॉर्चमधला तांब्याचा भाग) आणि नोझल (त्याच्यावरचे बारीक भोकाचे टोक) यांच्यामध्ये एक लहान आर्क, म्हणजे विजेची ज्वाळा, पेटते, तिला पायलट आर्क म्हणतात. हवेच्या झोताने ती नोझलच्या बारीक भोकातून बाहेर फेकली जाते आणि प्लेटला स्पर्श करताच मुख्य आर्क थेट इलेक्ट्रोड आणि प्लेट यांच्यामध्ये सुरू होते, कारण प्लेट अर्थ क्लॅम्पमार्फत मशीनच्या धन टोकाला जोडलेली असते. त्याच क्षणी पायलटचा मार्ग बंद होतो. बटण सोडल्यावर आर्क विझते, पण टॉर्च थंड करण्यासाठी हवा आणखी काही सेकंद वाहत राहते. ही साखळी नेमक्या कोणत्या कडीशी तुटते हे ओळखले की निम्मे काम झाले. म्हणून तक्रार ऐकताना ‘मशीन चालत नाही’ एवढ्यावर थांबू नये. हवा येते का, ठिणगी दिसते का, पायलट पेटते का, ती प्लेटवर उतरते का आणि उतरल्यावर टिकते का, हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

हात लावण्यापूर्वी एक गोष्ट कधीही विसरू नये. वेल्डिंग मशीनचे मोकळे (आर्क पेटलेली नसतानाचे) व्होल्टेज साधारण ६० ते ९० व्होल्ट असते, तर प्लाझ्मा मशीनचे २५० ते ४०० व्होल्ट डीसीपर्यंत जाते. हा धक्का जीव घेऊ शकतो. त्यामुळे टॉर्चचा कप (टोकावरचे बाहेरचे झाकण) उघडायचा असेल, अगदी नोझल बदलण्यापुरता का असेना, तरी आधी मशीनचा मुख्य स्विच बंद करावा. ओल्या हातमोज्यांनी टॉर्च धरू नये. ४० अँपिअरपर्यंत किमान ५ क्रमांकाची आणि ६० अँपिअरच्या पुढे किमान ८ क्रमांकाची काळी काच डोळ्यांसमोर वापरावी. गॅल्व्हनाइझ्ड पत्रा कापताना जस्ताचा पांढरा धूर नाकात जाणार नाही अशी हवेशीर जागा निवडावी.

हवा : येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा काटा आठ बार दाखवतो, म्हणून टॉर्चला पुरेशी हवा मिळते, असे समजणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. हवा थांबलेली असताना प्रेशर कुठेही सारखेच दिसते. ते खरे कळते हवा वाहत असताना. मशीनवर हवा तपासण्याचा स्विच असेल तर तो चालू करावा, हवा टॉर्चमधून सोडावी आणि त्या वेळी मशीनच्या मागच्या रेग्युलेटरचा काटा पाहावा. बहुतेक टॉर्चना हवा वाहत असताना ४.५ ते ५.५ बार, म्हणजे सुमारे ६५ ते ८० पीएसआय लागते. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेतून घ्यावा. हवा बंद असताना पाच बार दाखवणारा काटा हवा सोडताच तीनवर उतरत असेल, तर वाटेत कुठेतरी गळा आवळलेला आहे असे समजावे.

तो गळा शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बाजारात सहज मिळणारी निळी पीयू ट्यूब बाहेरून आठ मिलिमीटरची असते, पण आतून ती पाच-साडेपाच मिलिमीटरचीच असते आणि पंधरा-वीस मीटर लांबीवर मोठ्या टॉर्चला ती पुरत नाही. आतून किमान आठ-दहा मिलिमीटरची रबरी नळी घ्यावी. झटपट जोडायच्या कपलिंगचे आतले भोक पाहावे, कारण नळी मोठी आणि कपलिंग बारीक असा प्रकार नेहमी आढळतो. फिल्टरच्या वाटीतली जाळी काढून उजेडासमोर धरावी. ती तपकिरी झाली असेल तर धुऊन भागवू नये, बदलावी. आणि ज्या लाइनवर प्लाझ्मा चालतो तिच्यावरच कोणी हवेवर चालणारा ग्राइंडर किंवा रंगाची गन चालवत असेल, तर काप मधेच का बिघडतो याचे उत्तर तिथेच मिळते.

प्रेशर कमी असले की आर्क जाड आणि मऊ होते, नोझलचे भोक जळते आणि इलेक्ट्रोड तापतो. प्रेशर जास्त ठेवले तर काप अधिक धारदार होईल अशी अनेकांची समजूत असते, म्हणून रेग्युलेटरची गुंडी पिळली जाते. प्रत्यक्षात जास्त प्रेशरने पायलट आर्क पेटणे अवघड होते, पेटलेली आर्क फुंकरीसरशी विझते आणि इलेक्ट्रोडच्या टोकाचा वितळलेला धातू उडून जातो. म्हणून दोन्ही बाजूंनी पुस्तिकेतला आकडा सोडू नये.

आता पाण्याविषयी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हा विषय टाळून चालत नाही. ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाला १२ घनमीटर हवा घेतो, म्हणजे तिच्याबरोबर जवळजवळ २९० ग्रॅम पाणी आत ओढतो. पाण्याचा एक पेला भरून वर काही उरावे इतके हे पाणी दर तासाला येते. हवा दाबली गेल्यावर आणि थंड झाल्यावर यातले बहुतेक पाणी थेंबांच्या रूपात सुटते. ते कुठे सुटते, यावर टॉर्चचे आयुष्य अवलंबून असते. टाकीतून निघताना हवा अजून गरम असते, त्यामुळे तिच्यातले बरेच पाणी वाफच असते. साधा वॉटर सेपरेटर फक्त थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. म्हणून सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवला तर वाफ त्यातून निघून जाते, पुढे नळीत थंड होते आणि तिचे पाणी नेमके टॉर्चमध्ये पोहोचते.

रत्नागिरीजवळच्या एका शेडमध्ये जुलै महिन्यात हेच घडत होते. नवा इलेक्ट्रोड वीस-पंचवीस मिनिटांत संपत होता, दुकानातून माल बदलून आणला तरी फरक पडत नव्हता आणि फिल्टरची वाटी मात्र कोरडी ठणठणीत दिसत होती. ती वाटी कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेली होती आणि तिथून मशीनपर्यंत पंधरा मीटर रबरी नळी ओल्या फरशीवर पडून होती. कॉम्प्रेसर बंद करून आणि प्रेशर सोडून मशीनच्या मागची नळी सोडवली, तिचे टोक बादलीत धरले आणि नळी दुसऱ्या टोकापासून उचलत आणली, तेव्हा अर्धा कप दुधाळ पाणी बाहेर आले. दुधाळ अशासाठी की त्यात कॉम्प्रेसरचे तेल मिसळलेले होते. सेपरेटर मशीनजवळ आणला, त्यानंतर तेल पकडणारा दुसरा फिल्टर जोडला, नळी फरशीवरून उचलून भिंतीवर उताराने नेली आणि तिच्या सर्वांत खालच्या ठिकाणी ड्रेन कॉक बसवला. इलेक्ट्रोड पूर्वीसारखा टिकू लागला. मशीनला कोणी हातही लावला नव्हता.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. हवा तपासण्याच्या स्विचवर, म्हणजे आर्क न पेटवता, टॉर्चमधून अर्धा मिनिट हवा सोडावी आणि टोकासमोर पांढरा कोरा कागद धरावा. कागद ओलसर झाला तर पाणी आहे, पिवळट डाग पडला तर तेल आहे. असा स्विच नसेल तर टॉर्चचे बटण दाबून ही परीक्षा घेऊ नये, कारण पायलट पेटेल. त्याऐवजी हवा बंद करून आणि प्रेशर सोडून मशीनच्या मागची नळी सोडवावी, डोळ्यांना चष्मा लावावा, नळीचे टोक घट्ट धरावे, मग हवा अगदी थोडी सोडून त्या टोकाशी कागद धरावा. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडावाच. पावसाळ्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीतही उघडावा. किनारपट्टीवर रोज सलग काम असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायरचा (हवा थंड करून तिच्यातले पाणी काढणाऱ्या यंत्राचा) खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

टॉर्चचे टोक वाचायला शिकावे

मशीन बंद करून कप काढला की आतून तीन-चार भाग हातात येतात : नोझल, हवेला गिरकी देणारी रिंग, इलेक्ट्रोड आणि ओ-रिंग. हे भाग कागदावर काढलेल्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि उजेडात पाहावेत. वापरलेला इलेक्ट्रोड हा टॉर्चच्या प्रकृतीचा लेखी अहवालच असतो. तो न पाहता कचऱ्यात टाकणे मला पटत नाही.

इलेक्ट्रोड तांब्याचा असतो आणि त्याच्या टोकाशी मधोमध राखाडी ठिपक्यासारखा हाफ्नियम धातूचा तुकडा बसवलेला असतो. आर्क निघते ती त्या ठिपक्यातून. हवेतल्या ऑक्सिजनमध्ये टंगस्टन लगेच जळून जाते, हाफ्नियम टिकते, म्हणून हवेच्या प्लाझ्मात ते वापरतात. तरीही प्रत्येक वेळी आर्क पेटताना आणि विझताना त्याचा थोडा अंश उडतो आणि ठिपक्याच्या जागी खळगा पडत जातो. खळग्यात टाचणी उभी धरून तिच्यावर नखाने खूण करावी आणि ते अंतर पट्टीवर मोजावे. खळगा एक मिलिमीटरपर्यंत असेल तर इलेक्ट्रोड चालेल. दीड मिलिमीटरच्या आसपास आला की तो बदलावा. त्यापुढे ताणला तर हाफ्नियम संपून तांबे जळू लागते, आर्कमध्ये हिरवी झाक दिसते आणि काही क्षणांत नोझल, कधी कधी टॉर्चचे डोकेही त्याच्याबरोबर जाते. हिरवा रंग दिसला की त्याच क्षणी बटण सोडावे. ‘एवढा काप पुरा होऊ दे’ म्हणणाऱ्याला पन्नास रुपयांच्या जागी काही हजारांचा भुर्दंड बसतो.

खळग्याचा आकारही बोलतो. तो गोल, मधोमध आणि सावकाश खोल झालेला असेल तर झीज नैसर्गिक आहे. एका बाजूला सरकलेला असेल तर हवा सगळीकडून सारखी फिरत नाही, म्हणजे गिरकी देणाऱ्या रिंगची भोके तुंबली आहेत किंवा रिंगला तडा गेला आहे. रिंग दिव्यासमोर धरून प्रत्येक भोकातून उजेड येतो का ते पाहावे. तांब्यावर निळसर-जांभळा रंग चढला असेल तर इलेक्ट्रोड तापला आहे. अशा वेळी हवा कमी होती का, इलेक्ट्रोड आट्यांवर सैल बसला होता का, की काप संपताच कोणी मशीन आणि कॉम्प्रेसर लगेच बंद केला, हे तपासावे. काप झाल्यावर टॉर्चमधून वाहणारी हवा पूर्ण थांबेपर्यंत मशीन चालू राहू द्यावे.

नोझल दोन्ही बाजूंनी पाहावे. बाहेरून भोकाच्या कडेला चिकटलेले लोखंडाचे मणी किंवा कडेला पडलेली खाच दिसली, तर टॉर्च प्लेटवर घासली गेली आहे किंवा भोक पाडताना ती फार जवळ होती. आतून काळे ओरखडे आणि खरबरीतपणा दिसला तर हवेत पाणी किंवा तेल आहे. भोक आतून फुगलेले असेल तर नोझलच्या क्षमतेपेक्षा जास्त अँपिअर दिले गेले आहेत. पी-८० सारख्या टॉर्चला १.१, १.३ आणि १.५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या भोकांची नोझल मिळतात आणि डब्यात ती एकमेकांत मिसळलेली असतात. बारीक भोकाच्या नोझलवर मोठा करंट दिला की ते मिनिटांत जळते, आणि मोठ्या भोकाच्या नोझलवर कमी करंट दिला की आर्क पसरट होऊन प्लेट नीट कापत नाही. नोझल घेताना भोक उजेडासमोर धरून गोल आणि मध्यावर आहे का ते दुकानातच पाहावे, कारण हलक्या प्रतीच्या मालात ते बरेचदा एका बाजूला असते. खोल खळगा पडलेल्या इलेक्ट्रोडवर नवे नोझल चढवण्यात काटकसर नाही. असे नोझल लवकर मरते, म्हणून शक्यतो दोन्ही भाग जोडीने बदलावेत.

जोडताना ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे, नुसती चकाकी यावी एवढाच. जास्त ग्रीस आत वितळते, जळते आणि हवेची भोके बुजवते. इलेक्ट्रोड त्याच्या लहान पान्ह्याने नीट बसेल एवढाच आवळावा आणि कप हातानेच घट्ट करावा. पक्कडीने आवळलेला कप पुढच्या वेळी पक्कडीनेच उघडावा लागतो आणि तेव्हा टॉर्चच्या आट्या जातात.

आर्क पेटतच नसेल तर

बटण दाबल्यावर हवाच येत नसेल, तर आधी मशीनवर प्रेशर, तापमान किंवा कपाच्या सुरक्षा-स्विचचा लाल किंवा पिवळा दिवा लागला आहे का ते पाहावे. दिवा नसेल तर बटणाच्या वेळी मशीनमधून सोलेनॉइडचा ‘टक्’ असा आवाज येतो का ते कान देऊन ऐकावे. आवाज येतो पण हवा नाही, तर व्हॉल्व्ह तुंबला आहे किंवा मागे हवाच पोहोचत नाही. आवाजच येत नाही, तर टॉर्चचे बटण किंवा त्याची तार संशयित आहे. मशीन बंद करून टॉर्चची बारीक पिन (बटणाच्या तारांचा लहान प्लग) सोडवावी, मल्टीमीटर सातत्याच्या, म्हणजे मार्ग अखंड असल्यास बीप देणाऱ्या, खुणेवर ठेवावा आणि बटणाच्या दोन पिनांवर धरावा. बटण दाबल्यावर बीप वाजला पाहिजे आणि सोडल्यावर थांबला पाहिजे. बीप येत-जात असेल तर टॉर्चची केबल मुठीजवळ वाकवून पाहावी, कारण तारा बहुतेक वेळा तिथेच तुटतात.

हवा येते पण ठिणगी नाही, अशा वेळी टॉर्च कोणत्या पद्धतीने पेटते हे माहीत असणे आवश्यक आहे. पीटी-३१ सारख्या टॉर्चमध्ये मशीनमधून उच्च वारंवारतेची, काही हजार व्होल्टची ठिणगी येते आणि ती इलेक्ट्रोड व नोझल यांच्यामधली फट ओलांडते. याला आपल्याकडे एचएफ म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत इलेक्ट्रोड स्प्रिंगने नोझलला टेकलेला असतो, हवेच्या दाबाने तो मागे सरकतो आणि दोघे अलग होताना आर्क पेटते. म्हणून मशीन बंद ठेवून, भाग जोडलेल्या स्थितीत मल्टीमीटरने इलेक्ट्रोडची मुख्य केबल आणि नोझलची पायलट तार यांच्यामध्ये मोजले, तर एचएफ टॉर्चमध्ये बीप वाजता कामा नये आणि स्प्रिंगच्या टॉर्चमध्ये बीप वाजलाच पाहिजे. हे एक मोजमाप अनेक तासांचा अंदाज वाचवते. एचएफ टॉर्चमध्ये बीप वाजला तर आतले भाग एकमेकांना टेकले आहेत, चुकीच्या लांबीचा इलेक्ट्रोड बसला आहे किंवा टॉर्चच्या डोक्यातले इन्सुलेशन जळून कोळसा झाले आहे. स्प्रिंगच्या टॉर्चमध्ये बीप वाजला नाही तर इलेक्ट्रोड मागेच अडकला आहे. भाग काढून, कोरड्या कापडाने पुसून, इलेक्ट्रोड बोटाने दाबला असता तो मोकळेपणाने मागे-पुढे होतो का ते पाहावे.

त्यानंतर पायलट तार तपासावी. टॉर्चचा नोझलकडचा धातूचा भाग आणि मशीनच्या बाजूचे पायलटचे टोक यांच्यामध्ये सातत्य मिळाले पाहिजे. बऱ्याच मशीनमध्ये ही तार पुढच्या बाजूला एका लहान पितळी नटाखाली बसते. तो नट सैल होऊन खालची जागा काळी पडलेली मला अनेकदा सापडली आहे. काळा भाग एमरी पेपरने घासून नट आवळला की मशीन ‘दुरुस्त’ होते.

पायलट पेटते पण प्लेट कापत नाही

पायलट दिसत असताना मुख्य आर्क प्लेटवर उतरत नसेल तर अर्थ क्लॅम्पकडे वळावे. क्लॅम्प टेबलाला नव्हे, कापायच्या प्लेटलाच लावावा आणि जिथे लावायचा तिथला रंग, गंज आणि मिलस्केल (लोखंडावरचा काळा पापुद्रा) ग्राइंडरने काढून चकाकता धातू उघडा करावा. काप पुरा होताना जो तुकडा खाली पडणार आहे त्याला क्लॅम्प लावू नये, कारण तो सुटताच आर्क तुटते. दहा मिनिटे काम केल्यावर मशीन बंद करून क्लॅम्पचे लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) आणि केबलचा जोड हाताने चाचपावा. चटका बसण्याइतका गरम असेल तर जोड सैल आहे.

क्लॅम्प चांगला असूनही आर्क उतरत नसेल तर टॉर्च फार उंच धरली जात आहे, इलेक्ट्रोड संपत आला आहे किंवा प्रेशर जास्त आहे. जाळी किंवा छिद्रांचा पत्रा कापताना आर्क प्रत्येक फटीशी तुटणे हा मात्र दोष नव्हे. ज्या मशीनमध्ये पायलट आपोआप पुन्हा पेटत नाही, तिच्याकडून ते काम होत नाही.

कापाच्या मध्येच आर्क विझत असेल तर हाताचा वेग पाहावा. फार सावकाश गेल्यास समोरचा धातू आधीच वितळून जातो, आर्कला टेकायला काही उरत नाही आणि ती तुटते. ठरावीक मिनिटांनी मशीनच बंद पडून पिवळा दिवा लागत असेल तर ती तापली आहे. ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दर १० मिनिटांत ६ मिनिटे काप आणि ४ मिनिटे विश्रांती, आणि हा आकडा बहुधा ४० अंश तापमानासाठी दिलेला असतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याहून बरेच जास्त तापमान असते, तेव्हा विश्रांती वाढवावी लागते. अशा वेळी मशीन बंद न करता तिचा पंखा फिरू द्यावा.

काप पाहून दोष ओळखणे

प्लेटच्या खालून निघणाऱ्या ठिणग्या हा वेगाचा सर्वांत खरा मापक आहे. वेग बरोबर असताना त्या टॉर्चच्या मागच्या दिशेला साधारण १५ ते ३० अंश झुकून पडतात. सरळ खाली पडत असतील तर वेग कमी आहे. फार मागे लोळत असतील किंवा वर उडत असतील तर वेग जास्त आहे, अँपिअर कमी आहेत किंवा प्लेट मशीनच्या ताकदीपलीकडची आहे.

खालच्या कडेला चिकटणाऱ्या मळीवरूनही हेच कळते. जाड, फुगीर आणि हातोडीच्या एका टिचकीने सुटणारी मळी वेग कमी असल्याची खूण आहे. बारीक, कडक आणि ग्राइंडर लावल्याशिवाय न निघणारी मळी वेग जास्त असल्याची खूण आहे. वरच्या बाजूला शिंतोडे जमत असतील तर टॉर्च उंच आहे किंवा नोझल झिजले आहे. टॉर्च आणि प्लेट यांच्यामधले अंतर दीड ते तीन मिलिमीटर राखावे आणि त्यासाठी हाताच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा कपाला लावायची तारेची किंवा चाकांची फ्रेम वापरावी.

कड तिरपी येत असेल तर आधी हे लक्षात घ्यावे की हवेला दिलेल्या गिरकीमुळे बहुतेक टॉर्चमध्ये कापाच्या दिशेने पाहिल्यास उजवी कड डावीपेक्षा सरळ येते. त्यामुळे हवा असलेला तुकडा उजवीकडे राहील अशा दिशेने कापावे. बाहेरचा आकार घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि आतले भोक उलट दिशेने कापले की हे साधते. तरीही तिरपेपणा खटकत असेल तर तसाच दुसरा काप उलट दिशेने घ्यावा. दोष बाजू बदलून आला तर तो टॉर्चचा आहे. दोष एकाच बाजूला राहिला तर टॉर्च प्लेटला काटकोनात धरलेली नाही.

प्लेटच्या मध्यभागी भोक पाडताना टॉर्च सरळ टेकवून बटण दाबणे हे नोझल मारण्याचे हमखास साधन आहे, कारण वितळलेले लोखंड थेट वर उसळून भोकात बसते. हाताने काम करताना टॉर्च सुमारे ३० अंश तिरपी धरून सुरुवात करावी, ठिणग्या बाजूला उडू द्याव्यात आणि खालून ठिणग्या निघाल्या की टॉर्च सावकाश सरळ करावी. टेबलावरच्या सीएनसी (संगणकाने टॉर्च फिरवणाऱ्या) मशीनमध्ये भोक पाडण्याची उंची कापाच्या उंचीच्या दीड ते दोनपट ठेवावी.

वीज आणि मशीनचा आतला भाग

व्होल्टेज मोजायचे ते काप चालू असताना, मशीनला वीज देणाऱ्या सॉकेटवर किंवा स्विचच्या टर्मिनलवर, आणि ते जाणत्या इलेक्ट्रिशियनने. मशीन शांत असताना २३० व्होल्ट दिसतात आणि काप सुरू होताच लांब, बारीक एक्स्टेंशन केबलवर ते २०० च्या खाली येतात, हा प्रकार सिंगल फेजवर सर्रास आढळतो. केबल जाड करावी आणि लांबी कमी करावी. गुंडाळी केलेल्या केबलवर मशीन चालवू नये. थ्री फेज मशीन पंखा चालवते पण कापत नाही, तेव्हा प्रत्येक दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास मिळतात का ते पाहावे, कारण एक फेज गेलेली असणे हे नेहमीचे कारण आहे.

एवढे सगळे तपासूनही दोष राहिला तरच झाकण उघडावे. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्टेज उरते, म्हणून किमान पाच मिनिटे थांबावे आणि डीसी बसवर (कपॅसिटरच्या टोकांवर) मीटर धरून ते उतरल्याची खात्री करावी. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ कार्डांवर साचून शॉर्ट होणे हा आपल्या शेडमधला खास आजार आहे. ती कोरड्या, कमी प्रेशरच्या हवेने काढावी. एचएफ मशीनमधल्या ठिणगीच्या दोन टोकांवर काजळी असेल तर ती पुसून फट पुस्तिकेत दिलेल्या मापाएवढी करावी. कार्ड, आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आणि ट्रान्सफॉर्मर यांची दुरुस्ती ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप आणि अनुभव आहे त्यालाच द्यावी.

मेकॅनिकला फोन करताना साखळी कोणत्या कडीशी तुटते, हवा वाहत असताना प्रेशर किती आहे, भार असताना व्होल्टेज किती आहे आणि इलेक्ट्रोड व पायलट तार यांच्यामध्ये बीप वाजतो की नाही, ही चार उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. शेवटचे काढलेले इलेक्ट्रोड आणि नोझल तारीख, अँपिअर आणि प्लेटची जाडी लिहिलेल्या पाकिटात ठेवून ते मशीनबरोबर द्यावे.